बेचाळीस रिकामे पेटारे

आमच्या हॉस्पिटलात तारमामांना कुणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनीच मागे वळून ‘कोण बुवा हा?’ म्हणून पाहिलं असतं. सहा मजल्यांतली कॉम्प्युटरची एकूण एक तार त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून तारमामा. वय सत्तावन्न, निवृत्तीला आठ महिने, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. एकदा रजेच्या अर्जावर त्यांनी सही करायला तोच बाहेर काढला होता.

या तारा जिथे एकत्र येतात ती चपटी लोखंडी खोकी म्हणजे स्विच. कुठली तार कुठे जाते आणि कुणी कुणाशी बोलायचं, हे ती खोकी ठरवतात. अशी आमच्याकडे बेचाळीस, आणि मामांनी सगळ्यांना नाती लावलेली. तळमजल्यावरचं मुख्य खोकं सासूबाई, कारण घरातला एकही शब्द तिच्या कानावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही. केसपेपरच्या खिडकीमागे थोरल्या जाऊबाई. तिसऱ्या मजल्यावर, लॅबमध्ये, आत्याबाई, कारण त्या लवकर तापतात. आणि बाहेरचं जग जिथून आत शिरतं तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणारं यंत्र होतं, त्याचं नाव दाजी.

खरे दाजी मामांच्या शेजारच्याच टेबलावर बसत आणि ते झडतीचं यंत्र सांभाळत. दोघे एकोणीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नोकरीला लागले. वर्षभरात मामा त्यांना घरी जेवायला घेऊन गेले, आणि पुढच्या वर्षी आपली धाकटी बहीणच त्यांना दिली. तेव्हापासून मामांचे दाजी ते सगळ्या हॉस्पिटलचे दाजी. मोठे साहेबसुद्धा ‘दाजींना पाठवा’ म्हणत. मामी गेल्यापासून बहीण रोज एकाच पिशवीतून दोन डबे पाठवायची, आणि दाजी एक डबा मामांपुढे ठेवून म्हणायचे, “घ्या, तुमच्या बहिणीने आज मीठ तुमच्या बेताने घातलंय. आमचं काय, आम्ही खातो.”

मामांच्या टेबलाखाली एक जुनं मशीन अहोरात्र घरघरत असे. त्याचं नाव माहेर. दर शुक्रवारी प्रत्येक खोक्याने आपल्या सगळ्या सेटिंगची यादी या माहेरी पाठवून ठेवायची. खोकं जळलं, तर त्या जागी नवं बसवायचं आणि माहेरची यादी त्यात ओतायची. अर्ध्या तासात संसार पूर्ववत.

माहेराची एक खोड होती. आधी त्या नावाची रिकामी फाइल मांडून ठेवल्याशिवाय ते कुणाचं सामान घेत नसे. “आधी पेटारा मांडायचा, मग सामान,” मामा समजावायचे. म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. बटण दाबलं की त्या दिवसाच्या तारखेचे बेचाळीस रिकामे पेटारे तयार. पुढचं काम मात्र हाताचं. खोकी जुनी आणि वेगवेगळ्या बनावटीची, त्यामुळे एकेकात शिरून ‘पाठव’ म्हणून सांगायला लागायचं. दोन तास मोडायचे. माहेरची जागा लहान, म्हणून बारा आठवड्यांपूर्वीचे पेटारे आपोआप पुसले जात. शेवटी नोंदवहीत ‘बॅकअप घेतला’ आणि सही.

सहा महिन्यांपूर्वी मामांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला मनाई केली. दाजी म्हणाले, “शुक्रवारचं माझ्याकडे द्या. तुमचं माहेर म्हणजे माझं सासरच की!” डोळे बरे झाल्यावरही काम त्यांच्याकडेच राहिलं. दर शुक्रवारी वही पुढे यायची, “झालं मामा, ठोका सही,” आणि मामा ठोकायचे. बहिणीच्या नवऱ्याने आणलेली वही कोण तपासतं?

मग एका बुधवारी सकाळी साडेनऊला लॅबच्या बाईंचा फोन आला. “मामा, तुमच्या आत्याबाईंनी मान टाकली! धूर येतोय!”

मामा निवांत होते. कपाटातलं नवं खोकं काढलं, वर नेऊन बसवलं, खाली येऊन माहेर उघडलं. आत्याबाईंचा पेटारा होता, गेल्या शुक्रवारचा. आत काही नव्हतं. त्याआधीच्या शुक्रवारचा उघडला. शून्य. मग सासूबाईंचा, थोरल्या जाऊबाईंचा. बेचाळीसच्या बेचाळीस पेटारे, बारा आठवड्यांचे, सगळे झाडून रिकामे.

तोवर लॅबचे रिपोर्ट वॉर्डात न्यायला वॉर्डबॉय जिन्यावरून पळत होते, आणि दुसऱ्या मजल्याचा रिपोर्ट चौथ्यावर पोचून एका धडधाकट गृहस्थाला काविळीचं पथ्य सुरू होता होता राहिलं. मोठे साहेब स्वतः खाली आले. “मामा, पाच वाजता मला कारण हवंय. चूक कुणाची ते लेखी. तुमची असेल तर उरलेले आठ महिने स्टोअरमध्ये बसून चादरी मोजा. हा विभाग मग तुमच्याकडे नाही.”

मामांनी मान हलवली. त्यांना पहिला संशय आपल्या माहेराचाच आला. म्हातारं झालंय, विसरत असेल. ते टेबलाखाली शिरले. दाजी लगेच खुर्ची सरकवून टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले.

“तार ढिली असेल, मामा.”

तार काढली, पुसली, बदलली. घट्ट होती.

“डिस्क भरली असेल.”

डिस्क अर्धी मोकळी होती.

“मग परवानगीचा घोळ.”

प्रत्येक पेटाऱ्याला कुणीही सामान टाकावं अशी परवानगी होती. मामांनीच दिली होती. शेवटी उरला माहेरी येणारा रस्ता, म्हणजे एकोणसत्तर नंबरचं दार. झडतीच्या यंत्रातली ती चौकी दाजींच्या ताब्यातली.

“ते उघडंच आहे,” दाजी म्हणाले. “पण तुम्ही म्हणताय तर बघतो परत.” आणि वीस मिनिटं बघत बसले.

साडेबारा वाजले. मामांच्या कोपरांना धूळ, कपाळाला टेबलाची कड लागून टेंगूळ. “टॉर्च जरा डावीकडे धर रे,” ते म्हणाले. चारचौघांत दाजी-तुम्ही, पण टेबलाखाली मामांचं जुनं अरे-तुरेच चाले. दाजींनी टॉर्च डावीकडे धरली. अगदी नीट धरली.

मग मामांनी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. थोरल्या जाऊबाईंना सांगितलं, पाठव यादी. पापणी लवायच्या आत पेटारा भरला. उघडून पाहिलं, ओळ न् ओळ जागेवर. म्हणजे माहेर ठणठणीत होतं. तारही, दारही.

आता फक्त माहेराची स्वतःची रोजनिशी उरली होती. कोण कधी आलं, काय ठेवून गेलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मामांनी ती उघडली. पहिल्या शुक्रवारी दाजींच्या नावाने बेचाळीस पेटारे मांडले गेले होते आणि दोन तासांत बेचाळीस याद्या आल्या होत्या. दुसऱ्या शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी पेटारे मांडले. आणि काहीच आलं नाही. तिसऱ्या शुक्रवारीही तेच. असे बावीस शुक्रवार. दाजींना शोध लागला होता की वरून पाहिलं तर नाव दिसतं, तारीख दिसते. आत डोकावणार कोण?

मामा ती पानं पुन्हा पुन्हा खालीवर करत राहिले. आळसाचं त्यांना एवढं वाटलं नाही. शुक्रवारी दोन तास कुणाला नको असतात? पण हा माणूस सकाळपासून सगळं ठाऊक असताना गुडघ्यांवर बसला होता. तार ढिली असेल, म्हणाला होता. टेंगूळ आल्यावर ‘लागलं का हो?’ म्हणून फुंकरही घातली होती.

“सापडलं का काही?” दाजींनी मागून विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले. त्यांनी ती पानं छापली, चार घड्या घातल्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या मागे खिशात ठेवली. पाच वाजेपर्यंत हा आपण होऊन बोलेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. डबा त्या दिवशी उघडला नाही.

मग ते लॅबमध्ये गेले आणि आत्याबाईंचा संसार पाठ असलेल्या धड्यासारखा मांडला. “सात नंबर रक्ताचं मशीन. आठ तुमचा प्रिंटर. नऊ?”

“नऊ मोकळं,” लॅबच्या बाई म्हणाल्या.

“नऊ मोकळं नाही, बाई. फ्रिजमागचा कॉम्प्युटर, तुम्ही त्यावर पत्ते खेळता तो.”

“मामा, हळू!”

चारला लॅब सुरू झाली. अठ्ठेचाळीसपैकी दोन तारा चुकल्या, तेवढंच.

पाच वाजता साहेबांच्या खोलीत वही उघडी पडली होती. “या सह्या कुणाच्या?”

“माझ्या,” मामा म्हणाले.

“न बघता केल्यात?”

“न बघता.”

साहेब दाजींकडे वळले. “तुम्हाला काही सांगायचंय?”

मामा दाजींकडे पाहत राहिले. नवीन डोळे, अगदी स्वच्छ दिसत होतं. दाजी म्हणाले, “सही मामांची आहे, साहेब. मी काय, नुसता मदतीला असायचो.”

मग मामांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला आणि म्हणाले, “सह्यांची चूक माझी, ती लिहून घ्या. बाकीचं यात आहे.”

शेरा दोघांनाही मिळाला. मामांना न बघता सही केल्याचा, दाजींना खोटी नोंद केल्याचा. मामांचा विभाग मामांकडेच राहिला. दाजींची बदली मात्र झाली नाही, कारण झडतीच्या त्या दरवाजाचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. टेबलं शेजारी शेजारीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून दोन डबे आले. बहिणीला अजून काही ठाऊक नव्हतं. दाजींनी एक डबा मामांपुढे सरकवला, मिठाबद्दल काही बोलले नाहीत. मामांनी तो खाल्ला. तिने पहाटे उठून केलेला होता.

शुक्रवारी मामांनी पेटारे मांडले आणि एकेकीची यादी स्वतः मागवली. प्रत्येक पेटारा उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दुपारी दाजी पाणी प्यायला उठले, तेव्हा त्यांची नजर शेजारच्या स्क्रीनवर गेली. सासूबाई, थोरल्या जाऊबाई, आत्याबाई, धाकटी नणंद, सगळी मंडळी जागच्या जागी होती. फक्त झडतीच्या यंत्रापुढे नात्याऐवजी लिहिलं होतं, ‘दरवाजा, क्रमांक एक’.

दाजी पाणी न पिताच परत वळले. “मामा,” ते म्हणाले, “टॉर्च लागणार आहे का?”

“नको,” मामा म्हणाले. “बसा तुम्ही.”