दातवाल्या बाईंचे वीस

जगातली सगळी माणसं उजवं-डावं स्वतःवरून ठरवतात. समोरच्यावरून ठरवणारं माणूस मी आजवर एकच पाहिलं, आणि ते नेमकं माझ्या घरासमोर राहतं. आमच्या नागभीडच्या एका दातांच्या दवाखान्यात या बाई मदतनीस आहेत. पेशंट समोर तोंड उघडून बसलेला असतो आणि दाताचं उजवं-डावं त्याच्या हातावरून धरायचं असतं, हा त्यांच्या कामाचा नियम. तो त्यांनी दुकानं, देवळं आणि कपाटं यांनाही लावून टाकला आहे. ‘किराणा दुकानाच्या उजव्या हाताले चक्की आहे, भाऊ,’ एवढं ऐकून मी एकदा दळणाचा डबा घेऊन थेट सायकलवाल्याकडे पोचलो होतो. परत येऊन तक्रार केली तर म्हणाल्या, ‘तुमच्या नाई जी, दुकानाच्या उजव्या हाताले!’

नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. तोंडाचे चार भाग, भागाचा एक आकडा, आणि मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की दाताचा दुसरा. या दोन आकड्यांत त्यांना अख्खं गाव पाठ आहे. बसस्टँडवर कोणी नमस्कार केला की त्या हळूच माझ्याकडे वळून सांगतात, ‘चार-सहा. मागच्या पोळ्याले काढला.’ माझ्या भाचीच्या लग्नात सगळ्या बायका नवरदेवाच्या नोकरीची चौकशी करत होत्या, तेव्हा बाईंनी अक्षता टाकता टाकता निर्वाळा दिला, ‘पोरगा चांगला आहे. दोन-एक तेवढा जरासा पुढं आहे.’ म्हणजे वरचा, डावीकडचा, मधला दात. डावीकडचा अर्थात नवरदेवाच्या.

जबड्याचा साचा घ्यायची पूड असते, तिला पुडीचं एक माप तर पाण्याची एक खूण असा हिशेब. बाईंच्या घरी उपमासुद्धा याच शिस्तीत होतो. तिसरा पाहुणा अचानक आला तर त्या रवा घालायच्या आधी त्याला ‘तुम्ही नक्की खानार ना?’ असं विचारून घेतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यानं ती पूड तोंडात जायच्या आधीच वाटीत घट्ट होते, म्हणून वैशाखात त्या घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरून दवाखान्यात नेतात. ‘गरमीत सगळंच लवकर घट्ट होते, भाऊ,’ त्या म्हणतात, ‘भांडनसुद्धा.’

पण त्यांची खरी ख्याती त्यांच्या मोजण्याची. साचा तोंडात बसवला की त्या पेशंटला सांगतात, ‘फक्त वीस मोजते, मंग सुट्टी.’ माझ्या वेळी मी खुर्चीत पडल्या पडल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. बाईंचे वीस पूर्ण दोन मिनिटं चालले. मी पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. तोंड मोकळं होताच भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दोन मिनिटं म्हटलं का मानूस उठून पळते जी. विसाले कोनी भेत नाई.’

या मापाच्या बाईंकडे एकच गोष्ट बिनमापाची होती, ती म्हणजे वडिलांच्या शिळेची आठवण. ते गडचिरोलीकडच्या जंगलात वनमजूर होते. तिन्हीसांजेला लाकडाच्या तोडीवरून परतताना ते दातांतून शीळ घालत, म्हणजे घरच्यांना कळे की बांबूत खसफसतंय ते अस्वल नाही, आपलंच माणूस आहे. शीळ ऐकू आली की बाईंची माय दार उघडायची. पुढे माय गेली, म्हाताऱ्याचे दात गेले, आणि बाईंनी त्यांना इथे आणलं. ‘बा आला भाऊ, पन बिनआवाजाचा आला,’ असं त्या मला कितीदा तरी म्हणाल्या. नवे दात बसवावे आणि ती शीळ पुन्हा एकदा ऐकावी, एवढंच त्यांना हवं होतं. म्हातारा मात्र ‘आता कोनाले चावाचं आहे मले?’ म्हणून टाळत राहिला.

शेवटी कसाबसा तयार झाला तो भर उन्हाळ्यात. सोबतीला मी गेलो. डॉक्टरांनी साचा बसवला, बाईंना धरायला सांगितला आणि ते शेजारच्या खुर्चीकडे वळले. ‘बा, फक्त वीस,’ बाई म्हणाल्या आणि मोजू लागल्या. मोजले ते चक्क खरेखुरे वीस! माठाच्या गार पाण्यातली पूड अजून सैलच होती. साचा निघाला तो पातळ पिठल्यासारखा. डॉक्टर पाहतच राहिले. ‘बापापाशी खोटं मोजता नाई येत जी,’ बाई पुटपुटल्या.

दुसऱ्यांदा साचा बसला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘भाऊ, तुम्ही मोजा.’

एक म्हणालो आणि थांबलो. दोन म्हणालो आणि चष्मा पुसला. सातनंतर बाहेरची एसटी धडधडत पूर्ण निघून जाऊ दिली. अठरापाशी डॉक्टरांनी पूड बोटानं दाबून पाहिली आणि ‘अजून नाही’ अशी मान हलवली, तेव्हा मी मुकाट्यानं चौदावर परत आलो. साचा सुरेख निघाला. म्हाताऱ्यानं चूळ भरली, मला नीट न्याहाळलं आणि लेकीला म्हणाला, ‘या भाऊच्या बँकेत पैसा नको ठेवू व. विसात दोनदा चौदा येते.’

दात आले, बसले. म्हातारा चणे खाऊ लागला. शीळ मात्र येईना. रोज संध्याकाळी खाटेवर बसून तो ओठ आवळायचा आणि नुसती हवा निघायची. बाई स्वयंपाकघरातून कान देऊन असत, म्हणून मग तो खोकल्याचं निमित्त करायचा.

परवा मी फाटकाशी झाडांना पाणी घालत होतो. समोरच्या खिडकीतून म्हातारा खाटेवर दिसत होता. एकाएकी शीळ आली. बारीक होती, मधेच तुटली, पण शीळच होती. बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत निघाल्या, त्या खाटेजवळून तशाच पुढे गेल्या, कडी काढली आणि समोरचं दार सताड उघडलं. मी हात वर केला, तो त्यांना दिसला नाही. त्या पार वळणापर्यंतच्या रस्त्याकडे पाहत होत्या.

‘काऊन व?’ आतून म्हाताऱ्यानं विचारलं. ‘कोन आलं?’

‘कोनी नाई, बा,’ बाई म्हणाल्या. पण दार त्यांनी लगेच लावलं नाही.