टाळाच्या मागून

माझी आत्या मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गायची. नाटकांत कामं केली, दोन-चार सिनेमांत नायिकेची मैत्रीण झाली आणि पन्नाशीत सगळं गुंडाळून पुण्याजवळच्या मुठा गावात येऊन राहिली. स्वस्थ बसणं तिला जमतच नसे. महिन्याभरात ती बायकांच्या भजनी मंडळात जाऊन बसली.

जॅझ गाताना तालाच्या किंचित मागे रेंगाळायची तिची जुनी सवय. अभंगातही टाळ पडून गेल्यावर ती शब्द उचलायची. मंडळ चालवणाऱ्या काकू वैतागायच्या, "ताई, रोज मागं ऱ्हाताय तुमी." आत्या हसायची आणि पुन्हा मागे राहायची.

मग एका बंगलेवाल्याने झऱ्याच्या वाटेवर तारेचं कुंपण घातलं. बायकांना हंडे घेऊन लांबचा फेरा पडू लागला. आत्या घरोघर सह्या गोळा करत फिरली. त्यातच तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. ग्रामसभा नेमकी त्याच दिवसांत आली. तिने भाषण लिहिलं. वाचायचं मी, असं ठरलं.

मी तेव्हा मारुंजीत राहून हिंजवडीत नोकरी करत होते, मीटिंगांत भरपूर तोंड चालवायचे. इथे दोन ओळी वाचल्या, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या पाव्हणीचा हितं काय संबंध?" माझी बोबडी वळली. मी खाली बसले. त्याची लाज अजून जात नाही.

आत्या उठली. कागदही घेतला नाही, पंधरा मिनिटं बोलली. शेवटी नुसती घरघर ऐकू येत होती, पण एकही माणूस हलला नाही. कुंपण निघालं. आवाज परत आला नाही.

पुढची तीन वर्षं ती मंडळात नुसते ओठ हलवत बसायची, तेही उशिराच. बायका तिच्याकडे बघत गायच्या. मला तिने कधी बोल लावला नाही. रविवारी गेले की पाटीवर लिहायची, 'जेवलीस का?' त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिच्या तेराव्याला मंडळ आलं. काकूंनी टाळ वाजवला आणि सगळ्या बायका क्षणभर थांबून मागून आल्या. काकूंनी हात वर केला. "मागं ऱ्हायलो गं. पुन्यांदा घ्या." पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला काकू स्वतःच मागे राहिल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सगळ्या गात होत्या. मी तेव्हाही गप्पच बसले होते.