दांडी कोणी पाहिली?

बीबी गावाहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं मेहकरच्या स्टँडवर निरोप दिला, "तुमचे नामदेवभाऊ गेले." मी "बरं" म्हणालो. त्याला महिना होऊन गेला. लिहावं की नाही, यातच इतके दिवस गेले. आता लिहितोच.

नामदेवभाऊ आमच्या पाटबंधारे खात्यात जीप चालवायचे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जिल्ह्यात नवे तलाव होत होते आणि त्यांची खोली मोजायला आमच्याकडे एक पत्र्याची होडी होती. दोन चाकांच्या गाड्यावर ती चढवायची, गाड्याची लोखंडी दांडी जीपच्या मागे अडकवायची आणि गावोगाव हिंडायचं. मी मोजणीचा कारकून. नोकरी कच्ची, अंगात मस्ती पक्की. निघण्याआधी भाऊ दांडी स्वतः उचलून बघत. फार जड लागली तर होडीतली मोजणीच्या साखळ्यांची पेटी थोडी मागे, हलकी लागली तर पुढे. "अबे, दांडी उचलताना कमरेनं 'अगं माय' म्हटलं पाह्यजे," ते सांगत. "सहज उचलली तं समज, वजन मांगं हाये. मंग उतारावर गाडा शेपूट हालवते अन् जीपले घेऊन जाते." आम्ही हसायचो. पण त्यांच्या हातून गाडा कधी हलला नाही.

एका सकाळी घाई होती. भाऊ पेट्रोल भरत होते, दांडी मला अडकवायची होती. माझ्याच्यानं उचलेना. मग मी शहाण्यानं ती पेटी होडीच्या पार मागच्या टोकाला सरकवली. दांडी एका हातानं उचलली गेली! "दांडी पाह्यली काय बे?" भाऊंनी विचारलं. "हाव," मी म्हणालो. आणि त्या एकाच दिवशी त्यांनी माझ्या शब्दावर जीप सुरू केली… लोणारच्या अलीकडे उतार लागला. गाडा झोकांड्या खाऊ लागला, जीप रस्ता सोडून नाल्यात गेली. मला नुसतं खरचटलं. भाऊंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत ते म्हणाले, "दांडी म्या पाह्यली होती." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. माझी नोकरी पक्की झाली. त्यांना चौकीदार करून गोदामाच्या दारात बसवलं. पुढे ते गावी परत जाईपर्यंत सात-आठ वर्षं रोज त्यांच्यासमोरून गेलो-आलो. "काय बे, जेवला काय?" ते विचारत, मी "हाव" म्हणे. लाज कशी वाटली नाही मला!

तेरावं झाल्यावर बीबीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. सगळं सांगून टाकलं एकदाचं. वाटलं होतं, रडतील, शिव्या देतील, कदाचित माफही करतील… त्यांचे हात तेवढे थांबले.

"मी तं त्याहीलेच बोलत राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमच्या बेफिकिरीनं पाय गेला म्हणून. मरायच्या आदल्या दिवशीबी बोलली."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"ते होते तवा सांगाचं होतं ना, भाऊ," वहिनी म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.