अक्काच्या चटणीचा उजेड

शेंगा फोडायला चार बाया बसल्या की टरफलांचा ढीग आधी होतो का गोष्टींचा, हे मला आजवर कळलेलं नाही. टरफलं चुलीत जातात. गोष्टी कुठं जाणार? आमच्या मिरजगावच्या बचत गटात आम्ही शेंगदाण्याची चटणी कुटतो. त्या एका चटणीच्याच बघा किती झाल्यात!

* * *

गटाची म्होरकी माझी थोरली जाऊ, अक्का. खवट दाणा तिला बरोबर कळायचा. एकदा बाजारात तिनं पोत्यातला दाणा जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"दादा, पोतं उन्हात हुतं का?"

"न्हाई मावशी, शप्पत!"

"मग पत्र्याच्या शेडात."

"आयला! तुमाला कुनी सांगितलं?"

"तुज्या दान्यानं!"

* * *

चटणीचं गणित मात्र तिनं कुणाला दिलं नाही. गटातली माझी मैत्रीण चंद्रा तिची पाठच सोडायची नाही. "अक्का, मीठ आदी का लसून?"

"मी हाय तवर तुला कशाला पायजे गं?"

अक्का जाऊन दोन वर्षं झाली. परवा शिंगणापूरचा दुकानदार आमची चटणी चाखून म्हणाला, "मावशी, झ्याक हाय. पन ती न्हाई."

तिच्या हातच्या चटणीची एक काचेची बरणी माझ्या फळीवर राहिली होती. मी झाकणाला हात लावला नाही. संपली की संपली!

* * *

माझी नात पल्लवी कॉलेजात अन्नाचं शिकते. सुट्टीला आली ती जांभळ्या उजेडाची टॉर्च घेऊन.

"आजी, दाण्यातलं तेल जुनं होऊन बिघडलं की प्रोटीनला जाऊन चिकटतं. त्यातून जे तयार होतं, ते या उजेडात चमकतं."

अंधार पाहिजे म्हणून भर दुपारी पल्लवी, चंद्रा आणि मी गोधडीत शिरलो. दाणे राहिले बाजूला, आधी चंद्राचे दात चमकले! चार मात्र काळे.

"खरे दात चमकतात," पल्लवी म्हणाली. "बसवलेले नाही."

आणि ही बाई गावभर सांगायची, माजा एकबी दात पडला न्हाई!

* * *

"माणसातही होतं हे," पल्लवी म्हणाली. "वय झालं की काळजातसुद्धा असंच काहीतरी साठत जातं."

"म्हंजी आमी खवट झालो म्हन की!" चंद्रा.

मी विचारलं, "निघत न्हाई का ते?"

"नाही आजी. एकदा चिकटलं की सुटत नाही."

"मग बरंच हाय की," मी म्हटलं.

* * *

तेवढ्यात पल्लवीची नजर फळीवर गेली. "दोन वर्षांची चटणी! आजी, प्रोजेक्टला एक चमचा दे ना."

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी मीच झाकण फिरवलं. खवट वास आला. त्याच्या मागं, लांबून, अक्का आली.

गोधडीत टॉर्च लावली तर बरणी निळसर उजळली. पल्लवी हळूच म्हणाली, "आजी, ही आता खायची नाही हं." चमचाभर चटणी डबीत घेतली, टॉर्च माझ्यापाशी ठेवली आणि कॉलेजला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रा आली. गोधडी ओढली, मला आत घेतलं, बरणी मधी ठेवून टॉर्च लावली. मग बरणीकडं वाकून म्हणाली,

"अक्का, आता तरी सांग. मीठ आदी का लसून?"

टॉर्च विझेस्तोवर आम्ही दोघी वाट बघत बसलो.