कोल्ह्याची शिकार आणि गूळ-पाणी

रविवारी सकाळी गुरुग्रामच्या कडेला, अरवलीच्या झाडीत जे घडलं त्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी भलतीकडेच बघत बसते...

आमचा एक हॅम रेडिओ क्लब आहे. सरकारी परीक्षा देऊन लायसन्स घ्यायचं आणि वायरलेस सेटवरून लोकांशी बोलायचं, असा हा छंद. मोबाइलच्या जमान्यात हे कशाला, असं नवरा सारखा विचारतो. उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय.

रविवारी 'फॉक्स हंट' होता. एकजण कोल्हा होतो, सेट घेऊन झाडीत लपतो आणि मधूनमधून बटण दाबून सिग्नल सोडतो. बाकीच्यांनी अँटेना फिरवत, सिग्नल कुठून जोरात येतोय ते बघत त्याला शोधायचं. कोल्ह्याचा मोबाइल आधीच जमा करून घेतात, नाहीतर आमच्यातले काही महाभाग गुपचूप लोकेशन मागवतील!

यावेळी कोल्हा होते सॅम अंकल. सत्तरी ओलांडलेले, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर, दिल्लीत मयूर विहारला राहतात. फाडफाड इंग्लिश, तितकीच साफ हिंदी. सॅम नावावरून अंकल केरळचे ख्रिश्चन, हे आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

ठरवणार नाहीतर काय... रेडिओवर धर्म, राजकारण, घरगुती गोष्टी बोलायच्या नाहीत, असा आमच्याकडे दंडक. कॉल साइन, म्हणजे लायसन्ससोबत मिळालेला सांकेतिक नंबर, आणि पहिलं नाव, बस्स. आडनाव विचारायची वेळच येत नाही. मी त्यांच्यासाठी नेहा, ते माझ्यासाठी सॅम अंकल.

दिल्लीकरांच्या कृपेने खेळ उशिरा सुरू झाला. ऊन चढलं होतं आणि अंकल बिचारे सकाळपासून लपून बसलेले.

पहिले दोन-तीन सिग्नल नीट आले. मग एक आला तो थांबेचना. सलग चालूच! "अंकल आज गिफ्ट दे रहे हैं यार," म्हणत सगळे खूश. मीही खूश, आयतं घबाडच की.

आणि मग सेटमधून बारीक आवाज आला... "आये... हातपाय गळाले गं... गूळ-पाणी दे गं, आये..."

मी जागच्या जागी थिजले. अरवलीत, रेडिओवर, मराठी? आणि तीही अशी गावाकडची? क्लब चालवणारे बत्राजी हसत म्हणाले, "पहेली बुझा रहे हैं, साउथ की लैंग्वेज में." आधी मला वाटलं, भलतंच कुणीतरी मध्ये घुसलंय. मग पाठोपाठ अंकलचा तो ओळखीचा खोकला आला.

मी ओरडलेच. "पहेली नहीं है! मराठी है ये! माँ से गुड़-पानी माँग रहे हैं!"

बत्राजींचा चेहरा खर्रकन उतरला. अंकल इन्सुलिन घेतात, हे त्यांना माहीत होतं. सकाळपासून पोटात काही नसणार, शुगर उतरली होती आणि भान सुटत चाललं होतं.

मी वेड्यासारखी "अंकल, अंकल" करत बटण दाबत होते. बत्राजींनी माझा हात धरला. "बेटा, उनका बटन दबा हुआ है. जब तक दबा है, वो कुछ नहीं सुन सकते."

म्हणजे त्यांचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं आणि आमचं त्यांना काहीच नाही. त्यात सलग सिग्नल सोडला की बॅटरी भराभर संपते. ती संपली असती तर त्या काटेरी रानात माणूस शोधायचा कुठे?

आम्ही धावत सुटलो. कुठली शर्यत आणि कुठलं काय... अँटेना धरलेला पुढे, बाकीचे मागे. ओढणी काट्यात फाटली, ती तिथेच टाकली. 'आये' बारीक होत गेलं, मग नुसता श्वास यायला लागला. इतकी मी आयुष्यात घाबरले नव्हते.

एका घळीत सापडले. कुशीवर पडलेले, सेट अंगाखाली, घामाने चिंब. कुणाच्या तरी थर्मासमध्ये गोड चहा होता. बत्राजी "पी लीजिए, पी लीजिए" म्हणत होते आणि अंकल त्यांचा हात झिडकारत होते. तोंडच उघडेनात.

मी खाली बसले. म्हटलं, "काका, गूळ-पाणी आणलंय. घ्या."

त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. डोळे मिटलेलेच... घोट घोट करत सगळा चहा प्यायले.

थोड्या वेळाने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न इंग्लिशमध्ये, "Who found me first?" बत्राजी तिथेच मातीत बसून रडायला लागले.

हॉस्पिटलमध्ये काकू भेटल्या. अंकलचं आडनाव साळवे, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले मराठी ख्रिश्चन. मुलं दिल्लीत वाढली, घरातही हिंदीच. "यांची आई गेल्यापासून यांना असं गावाकडचं बोलताना मी ऐकलंच नाही गं," सगळं ऐकून काकू म्हणाल्या आणि माझा हात कितीतरी वेळ सोडलाच नाही.

दीड वर्ष झालं, आम्ही दर आठवड्याला रेडिओवर बोलतोय. अँटेनाची उंची, केबल, हवामान... सगळं बोलून झालंय. एकाच मुलुखातली दोन माणसं, आणि पत्ता नाही! या गोष्टीचा धक्का त्या रानातल्या धक्क्याइतकाच बसलाय.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. सवयीने मी "येस सर" म्हटलं. पलीकडून अगदी हळू आवाजात,

"पोरी, जेवलीस का?"

हे विचारायला काका आहेत, देवा, तुझे उपकार कसे फेडू...