शेऱ्याचा रकाना

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथे आता टायपिंग शिकायला कोणी येत नाही, पण पाटी अजून लटकते आहे. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं त्या खोलीत जमतो. इन्स्टिट्यूटचे मालक सत्तरीला टेकलेले, त्यांना सगळं गाव सर म्हणतं. दुसरा माझा मित्र. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये तांदळातले काळे दाणे वेगळे करणारी मशीन असते, तिची तो देखभाल करतो. तिसरा मी. एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला तेव्हा वाटायचं. तिघांनाही प्रोग्रॅम लिहायचा नाद. नादच म्हणायचा, कारण आजवर त्यातून कोणाला चहादेखील सुटलेला नाही.

आमचा एक रिवाज आहे. कोणी नवी वस्तू घेतली की ती पोहा-जलेबी येईपर्यंत टेबलावर ठेवायची आणि बाकीच्या दोघांनी तिची खोड काढायची. माझ्या वस्तूंच्या जास्त खोडी निघतात, कारण मी जास्त वस्तू घेतो. सर काहीच घेत नाहीत. त्यांचा तो जुना कॉम्प्युटर बरा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा, आत हार्ड डिस्क नावालाही नाही. पापडाएवढ्या फ्लॉपीवरच सगळा कारभार.

त्या फ्लॉपीवर एक यादी होती. मित्राच्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. ती बैहरकडे शाळेत शिकवते. तिला अधूनमधून रक्त लागतं, आणि गट असा की शोधता शोधता नाकीनऊ येतात, ओ निगेटिव्ह. काही वर्षांपूर्वी अशाच एका धावपळीनंतर सरांनी रक्तदात्यांची यादी करायला घेतली. नाव, गाव, गट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. सर प्रत्येकाला स्वतः फोन करायचे, ख्यालीखुशाली विचारायचे आणि जे कळेल ते त्या रकान्यात टिपायचे. सकाळी नको, दूध काढतो. बायको रागावते, तिलाच आधी विचारा. जीप लागते, मळमळतं.

पुढे मी ती यादी क्लाउडवर नेली. मोबाइलवर झकास दिसायला लागली, गट निवडला की नावं समोर. गट लिहिल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नसे, ही अट मी मुद्दाम घातली होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. शेऱ्याचा रकाना मात्र मी गाळला.

"सर, ह्या कचऱ्याचं काय करायचं?" मी म्हणालो होतो.

"राहू दे तुह्या यादीत नसला तर," सर म्हणाले. "माह्या यादीत राहीन."

तेव्हापासून दर रविवारी अर्धा तास वाया जायचा. म्हणजे मला तो वाया गेलेला वाटायचा. मी मोबाइलमधून नवी नावं वाचायची आणि सरांनी ती एकेक करून फ्लॉपीवर उतरवायची. मी कंटाळायचो, कधी तोंडावर बोलूनही दाखवायचो. "सर, तिथी एकाच्या तीन तीन प्रती असतात. ते कंपनीवाले झोपत नाई." सर ऐकायचे आणि टंकत राहायचे.

पुढे ज्या रविवारी यादीची खरी गरज पडली, त्याच्या आदल्या रविवारी मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. जबलपूरच्या भंगार बाजारातून मी सापाच्या खेळाची एक जुनी फ्लॉपी आणली होती. ती इतकी झिजली होती की आज चालली तर उद्या चालेल याचा भरवसा नव्हता. खेळ दुसऱ्या फ्लॉपीवर घ्यायला हवा होता, आणि धड फ्लॉपी आता कुठे मिळते? सरांच्या खणात दोन होत्या. एकीला पावसाळ्यात बुरशी लागलेली. दुसरी यादीची. सर हात धुवायला मागे गेले होते. यादी क्लाउडवर आहेच, पुढच्या रविवारी परत उतरवून देऊ, असं म्हणून मी यादी पुसली आणि त्या जागी साप ठेवला. वर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच राहिली. जुनं सांभाळायच्या नादात मी जुनंच पुसलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग तो रविवार. टेबलावर माझं नवं घड्याळ होतं, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन सांगणारं. मित्र ते टेबलाच्या पायाला बांधून बघत होता, आणि घड्याळ पायाची नाडीही सांगत होतं. आम्ही हसत होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

तो उभा राहिला. "कधी आणलं? ... किती उतरलं? ... हौ, मी पाह्यतो." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला. "बहिणीले बैहरून आणलं दवाखान्यात. रक्त लई उतरलं. डॉक्टर म्हणे दुपारपर्यंत पाह्यजे, आन् त्या गटाची एकही पिशवी नाई. यादी काढ बे."

मी मोबाइल काढला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा चक्र. लॅपटॉप उघडला. कंपनीच्या पानावर एक ओळ होती, अडचण लक्षात आली आहे, आम्ही तपासत आहोत. खाली बघितलं तर देशभरातले लोक बोंबलत होते. मी म्हणत असे त्या तिन्ही प्रती एकाच छपराखाली होत्या, आणि ते छप्परच बसलं होतं.

"मोबाइलात साठवली नसन का थोडी?" मित्राने विचारलं.

नव्हती. मीच ती सोय काढून टाकली होती, ॲप हलकं राहावं म्हणून.

मित्राने दिसेल त्या ग्रुपवर निरोप टाकला. पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं आली, देव बरं करो आलं, नागपूरहून एकाने अजून गरज आहे का असं विचारलं. नागपूरहून माणूस येईपर्यंत दुपार कुठली राहणार? मित्र खोलीत येरझारा घालत होता. दर दोन मिनिटांनी त्याचा फोन वाजायचा, आणि दर वेळी त्याचा चेहरा आणखी उतरायचा.

सर मात्र शांतपणे खणाकडे वळले. "आपली आहे न्," म्हणाले आणि ती फ्लॉपी हातात घेतली.

आणखी दहा सेकंदांनी पडद्यावर साप दिसणार होता. एक क्षण माझ्या मनात आलं की गप्प बसावं, फ्लॉपी जुनी होती, आपोआप खराब झाली म्हणावं. सरांनी विश्वासही ठेवला असता. हे मनात आलं, हे लपवून काय उपयोग? पण मित्र माझ्या समोर उभा होता.

"सर, ते पुसलं मी," मी म्हणालो. "मागच्या रविवारी. गेम घेतला त्याच्यावर."

मित्र जागच्या जागी थांबला. त्याने माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणता गेम?"

"सापाचा."

"केवढा हाय?"

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. इथे माणूस मरायला टेकलंय आणि हे गेमचं काय विचारतात? "लहान हाय सर. फ्लॉपीच्या चौथाईत मावते."

"मंग चौथाईच गेली," सर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. "पुसलं म्हंजे फक्त नाव काढलं यादीचं. अक्षरं जाग्यावरच असतात, दुसरं काही वर बसेपर्यंत. तुले तं हे मी शिकवाले नको."

खरं होतं. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच मी फळ्यावर लिहून शिकवतो.

सरांकडे फ्लॉपीचा एकेक तुकडा कच्चा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता, त्यांनीच कधीकाळी लिहिलेला. पहिल्या पडद्यांवर नुसता गाळ आला, सापाचं पोट. एक तुकडा यायला कितीतरी वेळ लागायचा, आत खर्र खर्र आवाज व्हायचा. दोनदा वाचताच आलं नाही म्हणून मशीन अडलं. सरांनी फ्लॉपी काढली, शर्टाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवली, परत घातली. मग एकदम गाळ संपला आणि इंग्रजी अक्षरांत एक गाव उमटलं. अर्धं नाव सापाने खाल्लेलं, पण पुढचं सगळं शाबूत. मित्राने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"गट वाचत जा," सर म्हणाले.

मी वाचत गेलो. बी, ए, बी, ओ पॉझिटिव्ह, बी. मित्र कागद-पेन घेऊन बसला. खूप वेळाने एक ओ निगेटिव्ह आला, इथल्याच गावातला. त्याचा फोन बंद. तारीख बघितली तर त्याने महिन्याभरापूर्वीच रक्त दिलं होतं, आणि तीन महिने झाल्याशिवाय परत देता येत नाही, म्हणजे तोही बाद. पुन्हा खर्र खर्र. यादी संपत आली होती.

दुसरा जवळच्याच लालबर्ऱ्याचा निघाला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला. मित्राने नंबर फिरवला. वाजत राहिला. परत फिरवला. परत वाजत राहिला. तिसऱ्यांदा तो फोन भिंतीवर आपटणार असं मला वाटलं.

"शेरा वाच," सर म्हणाले.

मी पुढचा तुकडा काढला. तिथे लिहिलं होतं, फोन गल्ल्यात ठेवतो, उचलत नाही, समोरच्या चहावाल्याला करा, आणि चहावाल्याचा नंबर.

चहावाल्याने पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे आरोळी ऐकू आली, मग कोणीतरी धावत आल्याचा आवाज. "हौ, बोला. ... गाडी काढतो न्, येऊनच राह्यलो."

मित्र तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला. मी त्याच क्षणी मोबाइल बघितला. चक्र अजून फिरतच होतं. समजा ते थांबलं असतं आणि माझी यादी उघडलीही असती, तरी तिच्यात मला न उचलला जाणारा एक फोन नंबर सापडला असता, बस. चहावाला त्या यादीत कुठेच नव्हता. तो कचरा मीच झाडून टाकला होता.

आम्ही तिघं दवाखान्यातल्या रक्तपेढीच्या दारात जाऊन थांबलो. लालबर्ऱ्याचा माणूस आला, धुळीने माखलेला, आणि मोटारसायकल लावता लावताच बाही वर करायला लागला. तो आत गेला तेव्हा रक्तपेढीतल्या बाईंनी आमच्याकडे बघितलं. पेढी रिकामी असते, तुम्हीही देऊन जा म्हणाल्या. सरांचं वय निघून गेलेलं. मित्राने आपला गट सांगितला, तो बहिणीच्या नावाने दर वर्षी देतोच.

"आन् तुमचा?" त्यांनी मला विचारलं.

मला माझा गट माहीत नव्हता. गट लिहिल्याशिवाय पुढे न सरकणारा फॉर्म मी केला होता आणि तो मी स्वतः कधी भरलाच नव्हता. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. मी यादी सांभाळतो ना, एवढं पुरे, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली. त्या बाईंसमोर हे सगळं तोंडातून निघून गेलं, आणि मित्र तिथे उभा राहून ऐकत होता.

बी पॉझिटिव्ह निघाला, गल्लोगल्ली सापडतो तो. तरी घेतलं त्यांनी. मी डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि मित्राने माझा दुसरा हात धरला होता. सुई निघेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

क्लाउड त्या संध्याकाळी चालू झाला. त्याच्या आधीच बहिणीला पिशवी लागली होती आणि ती भावाला शिव्या देण्याइतकी सावरली होती.

पुढच्या रविवारी टेबलावर कोणीच काही ठेवलं नाही. मी मोबाइलमधून नावं वाचली आणि सरांनी सापाच्या अंगावरच यादी पुन्हा उतरवली. वाचलेले शेरे त्यांनी आधीच कागदावर उतरवून ठेवले होते; सापाने खाल्लेले आठवतील तसे लिहिले, आणि त्यांना बहुतेक सगळे आठवत होते. या वेळी मला कंटाळा आला नाही. शेवटची नोंद त्यांनी मला न विचारता केली. माझं नाव, माझा गट, आदल्या रविवारची तारीख. शेऱ्याच्या रकान्यात येऊन त्यांची बोटं थांबली.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मित्र मागून म्हणाला, "लिहा न् सर. सुईले घाबरते. तरी बोलावजो. येते."

सरांनी तसंच लिहिलं.