गाडी कुठवर आली?

साळवी स्टॉपजवळच्या कुरिअरच्या दुकानात मी मिक्सरच्या भांड्यासाठी खेपा घालत होतो, तेव्हा एक गृहस्थ रोज भेटायचे. जहाजावरची नोकरी करून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून बसवलेले केस, जणू पाहुण्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर आलेत. त्यांनी वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल मागवलं होतं. खोक्यातून काढायचं, रुळावर ठेवायचं, की लागलं धावायला.

"गाडी कुठवर आली ओ?" ते विचारायचे.

"काका, अजून संगमेश्वरलाच आहे," काउंटरवरची मुलगी कंटाळून सांगायची.

"खरी गाडी क्रॉसिंगला थांबते, ते समजू शकतो. हिला कोण थांबवतंय?"

त्यांना घाई होती, कारण रूळ आधीच माजघरभर टाकून झाले होते. शिमग्याची पालखी घरी येण्याआधी इंजिन आलं नाही, तर बायको रूळ उचलून माळ्यावर टाकणार होती.

पालखीच्या आदल्या दिवशी खोकं आलं. त्यांनी ते तिथंच उघडलं, काळंभोर इंजिन काउंटरवर ठेवलं आणि डोळे मिटून तोंडानंच लांबलचक शिट्टी दिली. हसावं की नाही, कुणालाच कळेना.

मुलीनं मात्र गंभीर चेहऱ्यानं गळ्यातली हिरवी ओढणी काढली आणि हलवली.